ऑइलच्या पट्टीवरची खूण कधी खरी मानावी?

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला जाताना वाटेत पेट्रोल भरायला थांबलो होतो. इंजिन बंद करून जेमतेम अर्धे मिनिट झाले असेल, तेवढ्यात पंपावरच्या माणसाने बॉनेट उघडायला सांगितले, ऑइलची पट्टी (डिपस्टिक) ओढून माझ्यासमोर धरली आणि ऑइल खालच्या, म्हणजे किमान पातळीच्या, खुणेला टेकत आल्याचे दाखवले. एक लिटरचा डबाही त्याने पुढे केला. मी तो घेतला नाही. साताऱ्यात पोचल्यावर गाडी घरासमोरच्या सपाट अंगणात उभी केली, दहा मिनिटे थांबलो आणि तीच पट्टी पुन्हा पाहिली, तर ऑइल दोन खुणांच्या मध्याच्या बरेच वर होते. मधल्या काळात इंजिनात कोणी थेंबभर ऑइल घातले नव्हते. पंपावरच्या माणसाने पट्टीवर जे दिसले तेच दाखवले होते, आणि तरीही ते वाचन चुकीचे होते. हे कसे घडते, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते, कारण इंजिनात ऑइल किती आहे हे पाहण्याचे बहुतेक गाड्यांमध्ये हेच एक साधन आहे.

इंजिनाच्या तळाशी एक उथळ पात्र असते, त्याला गॅरेजमध्ये ऑइल चेंबर म्हणतात. लहान पेट्रोल गाडीत एकूण ऑइल साधारण साडेतीन ते चार लिटर असते आणि इंजिन बंद असताना त्यातले जवळजवळ सगळे या चेंबरमध्ये जमा होते. इंजिन सुरू झाले, की चेंबरच्या तळाजवळ बसवलेल्या जाळीतून पंप ते ओढून घेतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो आणि बारीक वाहिन्यांमधून क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगांपर्यंत (दांडा ज्यांत फिरतो त्या आधारांपर्यंत), तिथून वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत आणि व्हॉल्व्हपर्यंत पोचवतो. म्हणजे गाडी चालू असताना ऑइलचा बराच हिस्सा वरच्या मजल्यावर फिरत असतो. इंजिन बंद केले तरी तो एकदम खाली येत नाही. इंजिनाच्या वरच्या भागातून, म्हणजे हेडमधून, भिंतींवरून, परतीच्या वाहिन्यांमधून हळूहळू झिरपत उतरतो. अर्ध्या मिनिटात पट्टी काढली, तर वर अडकलेले ऑइल हिशेबात येत नाही आणि पातळी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

हे ऑइल खाली उतरायला लागणारा वेळ त्याच्या दाटपणावर अवलंबून असतो, आणि दाटपणा तापमानाप्रमाणे फार बदलतो. ५डब्ल्यू-३० या प्रचलित दर्जाचे ऑइल ४० अंश सेल्सिअसला जेवढे दाट असते, त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा दाटपणा १०० अंशांना उरतो. गरम ऑइल त्यामुळे लवकर उतरते. पाच ते दहा मिनिटे त्याला पुरतात. याउलट, सकाळी गार इंजिन मिनिटभर चालवून, गाडी फक्त सावलीत हलवून, लगेच पट्टी पाहिली तर वाचन हमखास फसते, कारण तेवढ्या वेळात ऑइल वर तर चढलेले असते, पण गार आणि दाट असल्यामुळे उतरायला वेळ घेते.

तापमानाचा दुसरा परिणाम याच्या उलट दिशेने काम करतो. तेल तापले की फुगते. इंजिन ऑइलचे आकारमान दर अंशामागे सुमारे ०.०७ टक्के वाढते. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण चार लिटर ऑइल ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापले, तर त्याचे आकारमान जवळपास २०० मिलिलिटरने वाढते. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये पुष्कळ गाड्यांत सुमारे एक लिटरचे अंतर असते. म्हणजे एक थेंबही न घालता, केवळ तापल्यामुळे, पातळी या अंतराच्या एकपंचमांशाएवढी वर सरकू शकते. म्हणूनच काही कंपन्या गाडीच्या पुस्तिकेत इंजिन गरम करून, बंद करून, काही मिनिटे थांबून मोजायला सांगतात, तर काही इंजिनांसाठी रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीत मोजायला सांगितलेले असते. दोन्ही सूचना आपापल्या जागी बरोबर आहेत. त्या पट्टीवरच्या खुणा आखताना अभियंत्यांनी जी अवस्था गृहीत धरली, त्याच अवस्थेत मोजले तरच खुणेला अर्थ राहतो, आणि ती अवस्था कोणती हे पुस्तिकेतच पाहावे लागते. शेजाऱ्याच्या गाडीचा नियम आपल्या गाडीला लावू नये.

जमिनीच्या उताराकडे तर आपले लक्षच जात नाही. चढावर उभ्या केलेल्या गाडीत चेंबरमधले ऑइल एका टोकाला सरकते, जसे ताट तिरपे धरल्यावर आमटी एका कडेला येते. पुढची चाके मागच्यांपेक्षा अवघी १३ सेंटीमीटर उंचावर असली, तरी अडीच मीटर चाकांतराच्या गाडीला सुमारे तीन अंशांचा कल येतो. पट्टी जिथे बुडते ती जागा चेंबरच्या मध्यापासून समजा १५ सेंटीमीटर दूर असेल, तर एवढ्या कलाने तिथली पातळी सुमारे ८ मिलिमीटर वर किंवा खाली जाते. दोन खुणांमधले अंतर बहुधा दीड-दोन सेंटीमीटरच असते, म्हणजे जवळजवळ अर्धा पल्ला चुकला. पंपाच्या आवारात पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून फरशीला उतार दिलेला असतो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये रॅम्प असतो, रस्त्याच्या कडेला एका बाजूची चाके खाली उतरलेली असतात. मोजण्यासाठी सपाट जागा एकदा शोधून ठेवावी आणि दर वेळी तिथेच मोजावे. दुचाकीचेही हेच आहे: ती साइड स्टँडवर कललेली असताना केलेले वाचन निरुपयोगी ठरते, ती सरळ उभी करावी लागते, शिवाय अनेक दुचाकींमध्ये पट्टी झाकणालाच जोडलेली असते आणि मोजताना झाकणाचे आटे न फिरवता ते नुसते टेकवायचे असते.

प्रत्यक्ष मोजण्याला दोन मिनिटेही लागत नाहीत, पण त्यातली एक पायरी पुष्कळजण गाळतात. पट्टीची पिवळी किंवा नारिंगी कडी धरून ती पहिल्यांदा बाहेर काढली, की तिच्यावर ऑइल बोटभर वरपर्यंत माखलेले, कुठे डाग, कुठे ओघळ, असे दिसते. इंजिन चालू असताना उडालेले शिंतोडे आणि नळीच्या आतल्या भिंतीला लागलेले ऑइल तिने सोबत आणलेले असते. त्यावरून काहीही ठरवता येत नाही. धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने ती टोकापर्यंत पुसावी, पुन्हा पूर्ण आत दाबावी, कडी व्यवस्थित बसली असे हाताला जाणवले की क्षणभर थांबून सरळ ओढून काढावी आणि आडवी धरावी. उभी धरली तर ऑइल ओघळते. दोन्ही बाजू पाहाव्यात. बाहेर काढताना पट्टी नळीला एका बाजूने घासते, त्यामुळे एकीकडे रेघ वर दिसते आणि दुसरीकडे खाली. जी खाली आणि सलग आहे ती खरी मानावी. नवे ऑइल मधासारखे पारदर्शक असल्यामुळे सहज दिसत नाही. पट्टी उजेडाकडे थोडी कलती केली, की ओल्या आणि कोरड्या भागामधली सीमा चमकून उठते. हे करताना रेडिएटरच्या पंख्यापासून हात आणि ओढणी दूर ठेवावी, कारण इंजिन बंद असतानाही तो आपोआप सुरू होऊ शकतो.

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजायला १८८३ सालच्या एका इंग्लिश प्रयोगाकडे जावे लागते. बोशां टॉवर हे अभियंते तिथल्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगमधले घर्षण मोजत होते. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वर बेअरिंगची पितळी टोपी, अशी त्यांची रचना होती. टोपीला वरून तेल सोडण्यासाठी पाडलेल्या छिद्रातून आस फिरताना तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. टॉवर यांनी छिद्रात बूच मारले, ते वर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी त्यांनी तिथे दाबमापक बसवला, तेव्हा तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक भरला. फिरणारा आस स्वतःच तेलाला अरुंद होत जाणाऱ्या फटीत खेचतो, तिथे दाब निर्माण होतो आणि त्या दाबावर धातू धातूला न टेकता तरंगतो. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. आपल्या गाडीचा क्रँक आजही याच तत्त्वावर, काही मायक्रॉन जाडीच्या थरावर फिरतो. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. पंपाचे काम हा थर निर्माण करणे नाही, त्याला तेलाचा अखंड पुरवठा करणे आहे. पुरवठा तुटला, की थर मोडायला फार वेळ लागत नाही.

चेंबरमध्ये ऑइल कमी असताना सपाट रस्त्यावर काहीच जाणवत नाही, कारण जाळी बुडालेली असते. खंबाटकीच्या चढावर, तीव्र वळणावर किंवा जोराच्या ब्रेकला मात्र उरलेले ऑइल एका बाजूला धावते, जाळी क्षणभर उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. पिस्टनला खालून गार ठेवणारे आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोच्या (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) आसाला आधार देणारेही हेच ऑइल असते.

जास्त ऑइल घालून निर्धास्त होता येत नाही, हे अधिक आवर्जून सांगायला हवे, कारण 'थोडे जास्त असले तर बरे' ही समजूत फार रुजलेली आहे. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली, की सेकंदाला पन्नास वेळा फिरणारे क्रँकचे वजनदार भाग ऑइलमध्ये आपटू लागतात आणि ताक घुसळावे तसा त्याचा फेस करतात. फेसात हवा असते, हवा दाबली जाते, आणि दाबल्या जाणाऱ्या मिश्रणावर धातू तरंगू शकत नाही. म्हणून ऑइल घालताना एका वेळी पाव लिटरच घालावे, काही मिनिटे थांबावे आणि पुन्हा मोजावे. त्याचा दर्जा पुस्तिकेत दिलेलाच असावा.

डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा पातळी दाखवतो, असा समज सर्वत्र आढळतो. बहुतेक गाड्यांत तो पातळी दाखवत नाही. वाहिन्यांमधला दाब फारच खाली गेल्यावर तो लागतो. म्हणजे तो लागेपर्यंत बेअरिंगांचा पुरवठा तुटू लागलेला असतो. गाडी चालू असताना तो लुकलुकला तरी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' या विचाराने कित्येक इंजिने जाम झाली आहेत. काही नव्या महागड्या गाड्यांमध्ये पट्टीच नसते आणि संवेदक पातळी पडद्यावर दाखवतो, पण सपाट जागा आणि ठरलेले तापमान या अटी त्यालाही लागू असतात.

निरोगी इंजिनही थोडे ऑइल जाळते. कित्येक कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये हजार किलोमीटरमागे अर्धा लिटर, काहींत एक लिटरपर्यंतचा खप स्वीकारार्ह म्हटलेला आढळतो. समजा आपली गाडी हजार किलोमीटरला फक्त २०० मिलिलिटर खाते. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला तिला ५,००० किलोमीटर पुरतात, आणि सर्व्हिसिंग १०,००० किलोमीटरवर ठरलेले असते. त्यामुळे दर महिन्याला, आणि लांबच्या प्रवासाआधी, मोजणे आवश्यक ठरते. मी गाडीच्या कप्प्यात एक लहान वही ठेवतो. तारीख, किलोमीटर आणि दोन खुणांमध्ये ऑइल कुठे होते, एवढेच लिहितो. एका वाचनातून आज किती आहे ते कळते. चार-पाच वाचने एकाखाली एक आली, की खप वाढतो आहे का तेही कळते, आणि पिस्टनच्या रिंगा किंवा ऑइल अडवणारी सील झिजल्याची शंका धूर दिसण्यापूर्वीच येते.

या वहीत पातळी वर गेलेली दिसली, तर लोक आनंदी होतात. प्रत्यक्षात ती अधिक गंभीर खूण आहे, कारण ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात दुसरे काहीतरी मिसळलेले असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर वाहनांच्या धुरावरचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी आली. ती स्वच्छ करण्यासाठी अनेक इंजिने अधूनमधून जास्तीचे डिझेल सोडून काजळी जाळतात. शहरातल्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ही क्रिया वारंवार अर्धवट राहिली, तर न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून चेंबरमध्ये उतरते. पातळी वाढते आणि ऑइल पातळ होते. पट्टीला डिझेलचा वास येत असेल आणि रेघ वरच्या खुणेपलीकडे गेली असेल, तर ऑइल बदलण्याला पर्याय नाही. ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे दिसले, तर हेडच्या सांध्यातल्या पातळ पट्टीतून (हेड गॅस्केट) इंजिन गार ठेवणारे पाणी, म्हणजे कूलंट, मिसळत असल्याची शक्यता असते. डिझेल गाडीतले ऑइल नुसते काळे पडणे मात्र वेगळे. ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करत असते.

दुधाळ ऑइलचे दुसरे कारण पूर हे आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा गाडीची किल्ली फिरवण्याआधी पट्टी काढून पाहावी. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे चेंबरच्या तळाशी, नेमके जाळीपाशी, साचते आणि ऑइल त्याच्यावर तरंगत वरच्या खुणेच्या पलीकडे जाते. इंजिन सुरू केले, तर पंप सगळ्यांत आधी बेअरिंगांना पाणीच पाजतो. पातळी अशी चढलेली दिसली, तर गाडी ओढून गॅरेजमध्ये न्यावी. तिथे मेकॅनिक चेंबरचा बोल्ट सोडतो, तेव्हा खालच्या घमेल्यात आधी पाणी पडते, मग पिवळट फेस, आणि त्यानंतर ऑइलची काळी धार लागते.