पार्श्वभूमी : आखातात जाणारा कामगार आणि किमान वेतनाचा आकडा

नागपूर-कामठीचा वेल्डर किंवा पाइप फिटर एजंटमार्फत सौदीला, कतारला निघतो तेव्हा त्याचा पासपोर्ट 'ईसीआर' (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागणारा) आहे का, हे आधी पाहिले जाते. असा पासपोर्ट प्रामुख्याने दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना मिळतो आणि त्यावर आखातातील सहा देशांसह एकूण 18 देशांत नोकरीला जायचे तर सरकारची परवानगी लागते. ही व्यवस्था 1983 च्या उत्प्रवासन कायद्याने आली. त्याआधीचा 1922 चा कायदा गिरमिटिया, म्हणजे ब्रिटिश वसाहतींत करारावर नेलेल्या, मजुरीच्या कटू अनुभवानंतर झाला होता.

स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा जागतिक करार 1990 मध्ये स्वीकारला गेला, पण अंमलात यायला 2003 उजाडले. फिलिपिन्स, श्रीलंका, बांगलादेश यांनी तो मान्य केला. आखाती देशांपैकी एकानेही नाही आणि भारतानेही नाही. त्यामुळे हक्कांचे रक्षण उरले ते द्विपक्षीय समझोत्यांवर आणि पाठवणाऱ्या देशाने ठरवलेल्या किमान संदर्भ वेतनावर. हे वेतन कामगार घेणाऱ्या देशात कायदा म्हणून लागू होत नाही. मात्र करारात त्याहून कमी रक्कम दिसली, तर आपल्याकडून परवानगी मिळू नये, एवढाच त्याचा जोर.

म्हणूनच सप्टेंबर 2020 चा निर्णय नीट समजून घ्यायला हवा. महामारीत लाखो लोक परत येत असताना केंद्राने आखाती देशांसाठीचे हे वेतन 30 ते 50 टक्क्यांनी उतरवले. काही देशांसाठी ते महिना 200 डॉलर इतके खाली आले. भारतीय कामगार महाग ठरला, तर मालक शेजारच्या देशांतून माणसे घेतील आणि असलेल्या नोकऱ्याही जातील, असे कारण देण्यात आले. ही भीती निराधार नव्हती. परंतु त्याच्या आदल्याच महिन्यात कतारने 1000 रियाल, म्हणजे सुमारे 275 डॉलर, किमान वेतन जाहीर केले होते आणि मार्च 2021 पासून ते लागूही झाले. म्हणजे कामगार घेणाऱ्या देशाने जी पातळी कायद्याने मान्य केली, तिच्याही खाली आपण आपला आकडा नेला. याचा फटका केवळ मासिक पगाराला बसत नाही: नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजली जाते आणि थकबाकीचा दावाही करारातल्या रकमेवरच उभा राहतो.

निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि जुलै 2021 पर्यंत केंद्राने परिपत्रके मागे घेतली. मुळातला पेच मात्र एकट्या देशाला सुटणारा नाही. कामगार पाठवणाऱ्या आशियाई देशांचे एक सल्लामसलतीचे व्यासपीठ 2003 पासून आहे आणि 2008 पासून आखाती देशांसोबतही चर्चा होते. तरी सर्वांनी मिळून पाळायचे बंधनकारक किमान वेतन त्यातून आलेले नाही. 2018 च्या जागतिक स्थलांतर कराराला भारताने पाठिंबा दिला, पण तोही कायद्याने बंधनकारक नाही.

परिपत्रके मागे घेतल्याने आधी झालेले करार आपोआप बदलत नाहीत. त्या काळात कमी आकड्यावर सही केलेल्या कामगाराला फरकाची रक्कम कोणी द्यायची, याची तरतूद कायद्यातही नाही आणि समझोत्यांतही नाही.