रेंज समतोल (पोकर)

टेक्सस होल्डेम पोकरमध्ये प्रत्येक चालीमागे भक्कम आणि कच्चे हात (खेळाडूकडचे पत्ते) अशा प्रमाणात ठेवण्याची पद्धत, की चाल पाहून प्रतिस्पर्ध्याला पत्ते ओळखता येऊ नयेत. विचार हातातल्या दोन पत्त्यांपुरता नसतो. त्या क्षणी खेळाडूकडे असू शकतील अशा सर्व जोड्यांचा, म्हणजे त्याच्या ‘रेंज’चा असतो.

५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात. दोन एक्के ६ प्रकारे येतात, तर एक्का-राजा १६ प्रकारे : ४ एकाच रंगाचे (म्हणजे एकाच चिन्हाचे), १२ भिन्न रंगांचे. ही मोजणी अंगवळणी पडल्याशिवाय समतोलाची चर्चा पोकळ राहते.

फ्लॉपनंतर, म्हणजे सर्वांसाठीचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर, रेंज फक्त आटते. आधी टाकून दिलेले हात परत मिळत नाहीत. त्यामुळे पुढचा समतोल बराचसा फ्लॉपपूर्वीच ठरतो. समजा, एखादा खेळाडू समोरच्याच्या रेझवर (पैज वाढवण्यावर) पुन्हा रेझ फक्त एक्क्यांच्या किंवा राजांच्या जोडीवर करतो. त्याच्या १२च जोड्या उरतात आणि जाणता प्रतिस्पर्धी पत्ते टाकून मोकळा होतो. म्हणून या रेंजमध्ये एकाच रंगाचे एक्का-पंजी यांसारखे हातही मिसळतात. त्यांतून सरळ क्रम किंवा एकरंगी हात बनू शकतो. शिवाय एक एक्का आपल्याकडे असल्याने समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार ६ वरून ३ वर आणि एक्का-राजाचे १६ वरून १२ वर येतात.

नुसते कॉल करणाऱ्यालाही, म्हणजे समोरच्याच्या पैजेइतकेच पैसे घालणाऱ्यालाही, हे लागू आहे. बिग ब्लाइंडवरचा (पत्ते वाटण्याआधी सक्तीची मोठी पैज लावणारा) खेळाडू एक्का-एक्का, राजा-राजा, एक्का-राजा यांवर नेहमी रेझच करत असेल, तर कॉल केल्यावर एक्का-राजा-दुर्री अशा फ्लॉपवर सर्वांत भक्कम हात बहुतेक समोरच्याकडेच असतात. उलट सत्ती-छक्की-पंजी आल्यास नव्वी-अठ्ठीसारखे तयार क्रम त्याच्याकडे अधिक निघतात. पहिल्या जागांवरून (जिथे सर्वांआधी चाल करावी लागते) रेझ करणाऱ्याकडे ते क्वचितच असतात. अशा फ्लॉपवर रेझ करणाऱ्याने सवयीने पैज लावणे महागात पडते. त्याने बरेचदा चेक करावे (पैज न लावता चाल पुढे द्यावी), आणि त्या चेकमध्ये मोठ्या जोड्याही ठेवाव्यात. केवळ दुबळे हात चेक करणारा टर्नवर (चौथ्या सामाईक पत्त्यावर) उघडा पडतो.

रिव्हरवर, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या सामाईक पत्त्यावर, हिशेब नेमका होतो. पॉट (मध्ये जमलेली रक्कम) १०० आणि पैज १०० असेल, तर कॉल करणारा १०० घालून २०० जिंकू पाहतो. तीनांत एकदा जिंकला तरी त्याची बरोबरी होते. म्हणून तिथे दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ (कच्च्या हातावरची फसवी पैज) हे प्रमाण येते. पैज ५० ची असल्यास ते तीनास एक होते. फ्लॉपवर ब्लफ याहून जास्त चालतात, कारण त्यांतले काही पुढे सुधारतात आणि पैजेच्या फेऱ्याही बाकी असतात. हे प्रमाण सांभाळताना कधी एकाच हाताने काही वेळा पैज, काही वेळा चेक करावा लागतो. निवड पक्षपाती होऊ नये म्हणून काही खेळाडू घड्याळाचा सेकंदकाटा पाहतात.

या विचाराची मुळे गणितात आहेत. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथात पोकरचे सोपे प्रारूप आहे. त्यात उत्तम आणि अगदी वाईट हातांवर मोठी पैज लावायची, मधल्यांवर नाही. २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या संगणक-कार्यक्रमाने दोघांमधला मर्यादित पैजांचा होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवला. २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलनच्या लिब्राटसने चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले. तोवर अमर्यादित पैजांच्या खेळात माणसाची सरशी मानली जात होती. आता व्यावसायिक सराव बराचसा सॉल्व्हर नावाच्या संगणक-साधनांवर होतो.

पूर्ण समतोल हा बचाव आहे, कमाईचा सर्वांत मोठा मार्ग नव्हे. हातातले पत्ते कधी टाकतच नाही अशा खेळाडूसमोर ब्लफचे प्रमाण सांभाळणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तिथे ब्लफ वगळून चांगल्या हातांवर मोठी पैज लावावी. मात्र अशा प्रत्येक फेरफाराने आपली रेंजही एका बाजूला झुकते, आणि तीच चाल जाणकारासमोर खेळल्यास तो त्याचा फायदा उठवतो.