खारीचे कोडे

एखाद्या वस्तूभोवती फिरणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उभा करणारे तत्त्वज्ञानातील कोडे. अमेरिकन तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स (१८४२–१९१०) यांनी ते ‘प्रॅग्मॅटिझम’ (१९०७) या ग्रंथातील दुसऱ्या व्याख्यानाच्या आरंभी मांडले.

झाडाच्या बुंध्याला खार बिलगलेली आहे. पलीकडचा माणूस तिला पाहायला झाडाभोवती फिरतो, पण खारही तशीच सरकत राहते आणि बुंधा सतत दोघांच्या मध्ये राहतो. माणूस झाडाभोवती फिरला हे उघड आहे. तो खारीभोवती फिरला का? खार ‘विरुद्ध दिशेने’ सरकते, असे जेम्स म्हणतात. ते त्या त्या क्षणाच्या सरळ दिशेपुरतेच खरे आहे. फेरीची दिशा दोघांची एकच हवी. ती उलट असती, तर एका फेरीत दोघे दोनदा समोरासमोर आले असते. खारीपासून माणसापर्यंत रेषा कल्पिली, तर जमिनीच्या संदर्भात ती पूर्ण ३६० अंशांतून फिरते, खारीच्या शरीराच्या संदर्भात मात्र मुळीच फिरत नाही.

जेम्स यांचा निवाडा असा : खारीच्या उत्तरेस, मग पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस आणि पुन्हा उत्तरेस येणे असा अर्थ घेतला, तर माणूस तिच्याभोवती फिरला, तिच्या पुढे, उजवीकडे, मागे, डावीकडे आणि पुन्हा पुढे येणे असा घेतला, तर नाही.

हा वाद डोंगरातील एका मुक्कामात ‘काही वर्षांपूर्वी’ झाला, एवढेच जेम्स सांगतात. मूळ व्याख्याने १९०६–०७ मधील असल्याने प्रसंग त्याआधीचा. अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतातील कीन व्हॅली येथे त्यांचे जाणे-येणे असे, त्यामुळे स्थळ तेच असावे असा तर्क करता येतो. ग्रंथात त्याला आधार नाही.

फलप्रामाण्यवादाचा (प्रॅग्मॅटिझम), म्हणजे कल्पनेचा अर्थ तिच्या व्यावहारिक फलांवरून ठरवण्याच्या पद्धतीचा, नमुना म्हणून हे कोडे दिले जाते. त्या पद्धतीचे श्रेय जेम्स यांनी अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांच्या १८७८ मधील लेखाला दिले आहे. मात्र येथे उकल होते ती अर्थभेदाने. विरोध दिसला की भेद करावा, हे मध्ययुगीन पंडितांचे सूत्र जेम्स स्वतःच उद्धृत करतात. तेव्हा कोड्याचा व्यावहारिक फलांशी असलेला संबंध दुय्यम मानणे अधिक योग्य वाटते.

चंद्र पृथ्वीला सतत एकच बाजू दाखवतो, मग तो स्वतःभोवती फिरतो का, असा वाद इंग्लंडमध्ये १८५६ च्या सुमारास गाजला. त्याचे स्वरूप वेगळे आहे. चंद्रावर सुमारे २९.५ दिवसांच्या अंतराने सूर्य पुन्हा उगवतो. ताऱ्यांच्या संदर्भात त्याची एक गिरकी सुमारे २७.३ दिवसांची भरते. तेथे मोजमापच निर्णय देते.

शिवमंदिरातील सोमसूत्री प्रदक्षिणा जेम्स यांच्या पहिल्या अर्थातही बसत नाही. अभिषेकाच्या पाण्याची पन्हळ ओलांडायची नसल्याने भाविक तेथून मागे वळतो. वर्तुळ पुरे होत नाही आणि एकूण फिरणे शून्य अंश भरते, तरी आचारात ती पूर्ण प्रदक्षिणाच गणली जाते.