सिग्मॉईड आणि मलाशय यांच्या सीमेचा वाद : पार्श्वभूमी

राज्यातील वैद्यकीय परीक्षांचा कारभार नाशिकजवळच्या म्हसरूळहून चालतो. त्या परीक्षांसाठी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जी सीमा पाठ करतो, ती अशी : मोठ्या आतड्याचा सिग्मॉईड हा भाग त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाच्या) तिसऱ्या मणक्यासमोर संपतो आणि तेथून मलाशय सुरू होते. शवविच्छेदनाच्या टेबलावर हे पटते, कारण सिग्मॉईडला लोंबते ठेवणारे आंत्रबंध साधारण तेथेच संपते. सुश्रुतसंहितेने साडेचार अंगुळे लांबीचे गुद स्थूलांत्राला, म्हणजे मोठ्या आतड्याला, जोडलेले सांगितले आहे. वरच्या सीमेची चर्चा त्यात नाही.

अडचण जिवंत रुग्णापाशी सुरू होते. पोट उघडल्यावर शल्यविशारदाला तिसरा मणका दिसत नाही. तो त्रिकास्थीचा पुढे आलेला वरचा काठ प्रमाण मानतो, किंवा आतड्यावरील तीन स्नायूपट्टे पसरून एकसंध आवरण कोठे होते आणि चरबीचे झुपके कोठे नाहीसे होतात, ते पाहतो. दुर्बिणीने तपासणारा गुदद्वारापासून 15 सेंटीमीटर मोजतो. पण ठेंगण्या व्यक्तीत तेवढे अंतर सिग्मॉईडमध्येही पोहोचू शकते. परिणामी कर्करोगाची एकच गाठ एका कागदावर सिग्मॉईडची, तर दुसऱ्यावर मलाशयाची ठरते.

1907 मध्ये एका जर्मन शल्यविशारदाने येथील रक्तपुरवठ्याचा नाजूक बिंदू दाखवला होता, तरी सीमेच्या प्रश्नाला खरी धार आली ती 1982 नंतर, मलाशयाभोवतीचे चरबीचे वेष्टन अखंड काढण्याची पद्धत मांडली गेल्यावर. मलाशयाच्या गाठीला पुष्कळदा शस्त्रक्रियेआधी किरणोपचार दिले जातात, सिग्मॉईडच्या गाठीला सहसा नाहीत. म्हणजे रेषा दोन बोटे सरकली तरी उपचार बदलतो.

2019 मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी मणके आणि सेंटीमीटर दोन्ही बाजूला ठेवले. एमआरआय किंवा सीटीच्या बाजूच्या छेदात आतडे त्रिकास्थी सोडून जेथे आडवे वळते, आणि आडव्या छेदात जेथे पोटाच्या पुढील बाजूस झुकते, तेथे सिग्मॉईड सुरू होते असे त्यांनी ठरवले. रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातच सीमा शोधणारी ही व्याख्या आधीच्या सर्वांहून सरस आहे. पाठ्यपुस्तकातील मणका मात्र हललेला नाही.

एक गैरसोय उरतेच. आतडे कापून बाहेर काढून सपाट मांडले की हे वळण नाहीसे होते, त्यामुळे काढलेला भाग तपासणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञाला अजूनही स्नायूपट्टे आणि उदरावरणाची (पोटातील अवयवांवरच्या पातळ पडद्याची) कडा यांवरच विसंबावे लागते.