पिस्तुलाबद्दलचे गैरसमज आले कुठून?

पिस्तुलाने स्वसंरक्षण करण्याबद्दलचे बरेचसे गैरसमज निव्वळ कल्पनेतून आलेले नाहीत. मुळाशी एखादी खरी चाचणी किंवा खरी चकमक असते. लोकांनी तिचा सोयीचा तेवढा भाग लक्षात ठेवलेला असतो.

‘मोठी गोळी माणसाला जागीच आडवा करते’ हा त्यांतला जुना समज. फिलिपाइन्समध्ये मोरो योद्ध्यांशी लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांची तक्रार होती, की .३८ रिव्हॉल्व्हरच्या (हा आकडा म्हणजे गोळीचा इंचातला ढोबळ व्यास) गोळ्या लागूनही समोरचा चालून येतो. म्हणून १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या लष्करी अधिकाऱ्यांनी मृतदेहांवर आणि शिकागोच्या कत्तलखान्यातल्या जिवंत गुरांवर गोळ्या झाडून पाहिल्या. आजच्या निकषांवर पद्धत ढोबळच. निष्कर्ष निघाला : .४५ पेक्षा लहान गोळी नको. त्यातूनच पुढे १९११ चे प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल आले. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती : सैनिकांकडून अचूक नेमाचा अखंड सराव करून घ्या, कारण शरीराच्या बहुतेक भागांत गोळी लागली तरी माणूस लगेच थांबत नाही. लोकांनी .४५ चा आकडा उचलला, सराव तिथेच राहिला.

गोळीने माणूस मागे फेकला जातो, हे तर पडद्यावरच घडते. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने ७० किलोच्या माणसात घुसून अडकली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ४ सेंटिमीटर.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीतल्या चकमकीत एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपाससंस्थेचे दोन एजंट मारले गेले. एका हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली ९ मिमी गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो लढत राहिला. दोष आला ९ मिमीवर. आधी १० मिमी, मग १९९० मध्ये .४० अशी नवी काडतुसे आली. पुढे गोळ्यांची घडण सुधारली, तसा एफबीआय पुन्हा ९ मिमीकडे वळला. गोळी कुठे लागते आणि किती खोल जाते, हाच खरा प्रश्न होता.

सुरा घेतलेला माणूस २१ फुटांच्या आत आला की गोळी झाडायची, हा ‘२१ फुटांचा नियम’ तर नियम नव्हताच. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी एक साधा प्रयोग केला. होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, पिस्तूल काढून दोन गोळ्या नेमक्या मारायला सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्यात सुरा घेतलेला माणूस किती अंतर कापेल? उत्तर आले सुमारे २१ फूट. १९८३ च्या लेखात त्यांनी सांगितले ते सावध राहण्याबद्दल, आडोसा गाठण्याबद्दल आणि हत्यार वेळीच हाती घेण्याबद्दल. ‘२१ फुटांच्या आत आला की झाडा’ असा परवाना त्यात नव्हता, आणि त्यापलीकडे धोका नाही असेही नव्हते. पण गोल आकडा तोंडी बसायला सोपा.

न्यूहॉलच्या चकमकीच्या बाबतीत तर पदरचे घातले गेले. ५-६ एप्रिल १९७० च्या मध्यरात्री कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉलमध्ये महामार्ग पोलिसांचे चार जवान काही मिनिटांत मारले गेले. त्यांतल्या एकाच्या खिशात झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, कारण चांदमारीच्या सरावात त्या गोळा करून खिशात टाकायची सवय होती, अशी गोष्ट प्रशिक्षणवर्गांत वर्षानुवर्षे सांगितली गेली. सराव जसा, तशीच लढाई, हे ठसवायला उदाहरण चपखल होते. त्या चकमकीनंतर प्रशिक्षण खरोखरच बदलले. पुंगळ्या मात्र त्या रात्री जमिनीवरच पडल्या होत्या.