डंबेल्सचा घरगुती सर्वांग व्यायाम

एका हातात मावणाऱ्या वजनांनी पाय, कंबर, पाठ, छाती, खांदे आणि पोट या सर्व मोठ्या स्नायूंना एकाच सत्रात काम देणारी, घरच्या घरी करायची ताकदीची व्यायामपद्धती. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दर वेळी ३५ ते ४५ मिनिटे एवढा वेळ तिला पुरतो. स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे.

शाळेच्या कवायतीत एकमेकांवर आपटून ताल धरायचे हलके लाकडी डंबेल्स वेगळे. ते हालचाल आणि लय शिकवतात, ताकद वाढवत नाहीत. येथे विचार लोखंडी, वजन बदलता येणाऱ्या डंबेल्सचा आहे.

वडोदऱ्याच्या मराठी घरांना वजनाचा व्यायाम नवा नाही. जुम्मादादा व्यायाममंदिर, राजरत्न प्रा. माणिकरावांनी तेथे लावलेली मल्लखांब, लाठी, लेझीम, जोडी (फिरवायचे जड लाकडी मुद्गल) यांची शिस्त आणि तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी (१८६३–१९३९) व्यायामाला दिलेला आश्रय यांमुळे दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या बाजूच्या कितीतरी घरांत माळ्यावर आजोबांची जोडी सापडते. मात्र जोडी आणि डंबेल यांची जात निराळी. जोडीचे वजन मुठीपासून लांब, टोकाला असते. ती झोक्याने फिरवायची असते आणि तो झोकाच खांद्याला व मनगटाला काम देतो. डंबेलचे वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखे असते. त्याला झोका दिला की काम स्नायूकडून निसटते. जोडीचा हात बसलेली माणसे डंबेल हाती आले की नकळत ते हलवू लागतात. पहिल्या महिन्यात सुधारायची सवय ती हीच.

साहित्य

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. प्लास्टिकच्या वेष्टनात सिमेंट भरलेले डंबेल स्वस्त असते, पण सिमेंटची घनता ओतीव लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून तेवढ्याच वजनाचे सिमेंटचे डंबेल जवळजवळ तिप्पट जागा खाते. १० किलोचे असे डंबेल छातीशी धरले तर हनुवटीला लागते, आणि दोन-चारदा आदळले की वेष्टन फाटून घरभर भुकटी होते. रबर चढवलेले षटकोनी डंबेल उत्तम. गडगडत नाही, फरशी कमी फोडते. पण प्रत्येक वजनाची वेगळी जोडी घ्यावी लागते आणि दोन खोल्यांच्या घरात तेवढी मांडणी कोण ठेवणार? घरासाठी सर्वांत सोयीचा प्रकार म्हणजे दांडी, प्लेटा आणि नट यांचा सुटा संच.

अशा संचात १४ इंची भरीव दांड्या २, अडीच किलोच्या प्लेटा ४ आणि सव्वा किलोच्या ४ असाव्यात. नटांसह दांडी सुमारे २ किलो धरली तर दोन्ही हातांत सारखे वजन ४.५, ७ आणि ९.५ किलो असे लावता येते. दोन्ही दांड्यांच्या प्लेटा एकाच दांडीवर चढवत गेल्या तर तेच साहित्य १२, १४.५ आणि १७ किलोचे एक जड डंबेल होते. अर्धा किलोच्या आणखी चार प्लेटा घेतल्या तर मधल्या पायऱ्याही मिळतात. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावेत, या चार प्लेटांवर नाही.

विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. दांडी पोकळ आहे का हे वाजवून कळते. पोकळ दांडीवर छापील वजन भरत नाही. प्लेटांवर कोरलेल्या आकड्यावर न जाता ओळखीच्या दुकानाच्या काट्यावर त्या तोलाव्यात, कारण डाव्या-उजव्या हातातला दोनशे ग्रॅमचा फरकसुद्धा खांदा ओळखतो. आणि सर्व प्लेटा चढवल्यावर नट पूर्ण बसण्याइतके आटे दांडीवर उरतात का, ते दुकानातच लावून बघावे. प्लेटांचे भोकही दांडीला जुळणारे हवे. जिममधल्या जाड दांडीच्या प्लेटा घरच्या दांडीवर खुळखुळतात.

आटे दर सेटनंतर (एका दमात केलेल्या आवर्तनांनंतर) थोडे सैल होतात. म्हणून प्रत्येक सेटआधी दोन्ही नट हाताने आवळणे हा व्यायामाचाच भाग समजावा. पावसाळ्यात उघड्या लोखंडावर आठवड्यात तांबूस पूड दिसू लागते. आट्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात, पण मुठीचा भाग कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावा. तळमजल्यावरच्या घरात विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी शिरले असेल तर प्लेटा धुऊन, आट्यांतला गाळ तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय नट फिरवू नयेत. गाळासकट फिरवलेला नट कायमचा चावतो.

जागा

सतरंजीएवढी मोकळी जागा पुरते. जुन्या पोळीतल्या (दाट वस्तीच्या गल्लीतल्या) घरांच्या माडीला लाकडी तुळया आणि फळ्या असतात. तेथे १७ किलोचे डंबेल हातातून सुटले तर खाली राहणारे लगेच वर येतील. फ्लॅटमध्ये कोटा फरशी किंवा टाइल्स तडकतात. जिमसाठी मिळणाऱ्या जाड रबरी चौकटी खाली घालाव्यात. मुलांच्या खोलीतल्या रंगीत फोमच्या चौकटी वजनाखाली दबतात आणि एका पायावरचा तोल बिघडवतात. उभे राहून डोक्यावर वजन न्यायचे असेल तर आधी पंख्याकडे पाहावे. छत ठेंगणे असल्यास हा व्यायाम खुर्चीवर बसून करावा.

उन्हाळ्यात सर्वांत वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पहाटेची वेळच खरी. घामाने क्रोमची गुळगुळीत दांडी हातातून सरकते. खरखरीत कोरीव मूठ असलेली दांडी आणि खांद्यावर एक पंचा एवढ्यात काम भागते.

व्यायाम

या पद्धतीची खरी अडचण अशी की डंबेलचे वजन एक असते आणि शरीराच्या भागांची ताकद निरनिराळी. जे वजन खांद्यावरून वर नेताना आठव्या वेळी हात थरथरतो, त्याच वजनाच्या बैठका तीस काढल्या तरी मांड्यांना काही वाटत नाही. बहुतेक घरांतले डंबेल्स दंड फुगवण्यापुरते उरतात ते यामुळेच. म्हणून एका वजनाने सर्वांग साधायचे तर बलवान भागांचे व्यायाम अवघड करावे लागतात: एका पायावर, सावकाश, किंवा दोन्ही हातांतले वजन एकत्र करून.

सुरुवातीला पाच मिनिटे सांधे मोकळे करावेत. दहा-बारा बैठका आणि सोसतील तेवढे जोर पुरेत. त्यानंतर प्रत्येक व्यायामाचा पहिला सेट अर्ध्या वजनाने.

छातीशी वजन धरून बैठक: जड डंबेल उभे धरून वरची प्लेट दोन्ही तळव्यांवर टेकवावी, कोपरे बरगड्यांशी. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, चवडे किंचित बाहेर. मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत खाली, मग वर. येथे एक धोका सहसा कोणी सांगत नाही. डंबेल उभे धरले की खालच्या सर्व प्लेटांचा भार एकट्या खालच्या नटावर येतो. तो सैल असेल तर प्लेटा थेट पावलावर पडतात. टाचा उचलल्या जात असतील तर त्यांच्याखाली सव्वा किलोची एकेक प्लेट ठेवावी. ज्यांना उकिडवे बसायची सवय आहे त्यांना ही बैठक चटकन जमते. खुर्चीवर आयुष्य गेलेल्यांना घोट्याची लवचीकता यायला काही आठवडे लागतात.

कमरेतून वाकणे (रोमानियन डेडलिफ्ट): दोन्ही हातांत डंबेल्स, गुडघे किंचित मऊ. नितंब मागे ढकलत वाकावे, वजने मांड्यांना घासत नडगीच्या मध्यापर्यंत न्यावीत. मांडीच्या मागे ताण जाणवला पाहिजे. कमरेत जाणवला तर पाठ गोल झाली आहे. शिकताना डंबेल बाजूला ठेवून एक काठी पाठीवर उभी धरावी. ती डोक्याच्या मागे, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि माकडहाडावर अशी तीन ठिकाणी टेकलेली असताना वाकता आले पाहिजे. एक जागा सुटली तरी वजन घेण्याची वेळ आलेली नाही. या एका व्यायामात लोक सर्वाधिक घाई करतात आणि कंबर धरून बसतात.

एका हाताने ओढणे (रो): डावा हात व गुडघा दिवाणावर टेकवून उजव्या हातातले डंबेल वर ओढावे. कोपर खांद्याकडे न जाता पँटच्या खिशाच्या दिशेने जावे. धड वळू लागले तर वजन जास्त आहे.

जमिनीवर निजून दाबणे (फ्लोअर प्रेस): बसून डंबेल्स मांड्यांवर ठेवावेत आणि त्यांच्यासह मागे निजावे. निजल्यावर बाजूचे डंबेल उचलायला गेल्यास खांदा लचकतो. कोपरे धडापासून साधारण ४५ अंशांवर. ती जमिनीला हलकेच टेकली की क्षणभर थांबून वजन वर न्यावे. बाक नसल्याने हालचाल थोडी तोकडी राहते, पण त्यामुळेच खांदा मर्यादेपलीकडे ताणला जात नाही.

डोक्यावर नेणे (ओव्हरहेड प्रेस): नितंब आणि पोट आवळून. बरगड्या पुढे येऊन कमरेला कमान पडली की भार मणक्यांवर जातो.

एका पायाची बैठक (स्प्लिट स्क्वॉट): एक पाऊल पुढे, एक मागे, मागचा गुडघा जमिनीपासून चार बोटे वर थांबेल इतके खाली. दोन हातांतली ७ किलोची डंबेल्ससुद्धा येथे जड वाटतात. डाव्या-उजव्या पायांतला ताकदीचा फरकही येथेच उघडा पडतो. कमजोर पायाने सुरुवात करावी आणि बलवान पायाने तेवढेच करून थांबावे.

वजन घेऊन चालणे: दोन्ही हातांत डंबेल्स, खांदे मागे, ओटल्यापासून (दारापुढच्या ओट्यापासून) मागच्या दारापर्यंत फेऱ्या, ३० ते ४० सेकंद. एकाच हातात वजन घेतल्यास पोटाच्या बाजूचे स्नायू काम करतात. वेगळे पोटाचे व्यायाम करायला वेळ नसेल तर एवढे पुरते.

दंड (बायसेप्स कर्ल) सर्वांत शेवटी, वाटल्यास. ओढण्याच्या व्यायामात दंडाला काम मिळालेलेच असते.

प्रत्येक व्यायामाचे २ ते ३ सेट, सेटमध्ये ८ ते १२ आवर्तने, मध्ये ९० सेकंदांची विश्रांती. पायांच्या सेटनंतर दोन-तीन मिनिटे. सेट थांबवताना आणखी दोन आवर्तने निघाली असती असे वाटले पाहिजे. जोर लावताना श्वास सोडावा, वजन खाली आणताना घ्यावा. श्वास कोंडून जोर लावल्यास रक्तदाब एकदम चढतो.

वजन वाढवणे

सर्व सेटांत १२ आवर्तने सलग दोन सत्रे नीट निघाली की पुढची पायरी घ्यावी आणि पुन्हा ८ पासून सुरुवात करावी. येथे साधा हिशेब लक्षात ठेवावा. ४.५ वरून ७ किलो म्हणजे ५५ टक्क्यांहून अधिक वाढ. खांदा ती सोसत नाही आणि तिथेच कित्येकांचा व्यायाम अडतो. अर्धा किलोच्या प्लेटांनी तीच उडी एक ते दीड किलोची होते. त्या नसतील तर वजन तेच ठेवून खाली येताना मनात चार मोजावेत, तळाशी दोन मोजेपर्यंत थांबावे. १७ किलोची बैठक हलकी वाटू लागली तरी हीच युक्ती वर्षभर पुरते.

नवरात्रीच्या नऊ रात्री गरबा खेळणाऱ्यांनी पायांचे सेट सरळ गाळावेत. पोटऱ्यांचे काम रोज तीन-चार तास चालूच असते.

अंगदुखी, आहार, सावधगिरी

नव्या व्यायामानंतरची अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि आपोआप उतरते. सांध्यात टोचणारी, एकाच बाजूची किंवा पायात उतरणारी वेदना ही अंगदुखी नव्हे. पहिल्याच दिवशी हौसेने अतोनात सेट मारून स्नायू सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर थेट दवाखान्यात जावे. स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असते. उच्च रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

सर्वसाधारण प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात आहे. वजनाचा व्यायाम करणाऱ्याला साधारण १.२ ते १.६ ग्रॅम उपयोगी पडतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ७२ ते ९६ ग्रॅम. शाकाहारी ताटात तेवढे आणायचे तर डाळ-भाताच्या वाटीवर भागत नाही. मोडाची उसळ, दही, पनीर, सोयाबीनच्या वड्या, शेंगदाणे यांतले निदान दोन पदार्थ दोन्ही जेवणांत हवेत. व्यायामानंतर कोपऱ्यावरची सेव-उसळ खाल्ली तर वाटाण्याची प्रथिने मिळतात खरी, पण सोबत पाव आणि तर्रीचे तेल किती गेले, तेही मोजावे.