स्वॅप खिडकीची पार्श्वभूमी : २००८ ते २०१६

सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी स्वॅप खिडकी, म्हणजे डॉलर देऊन रुपये घेण्याची आणि मुदतीनंतर ते डॉलर परत घेण्याची सोय, उघडली; तिची गोष्ट २००८ पासून सुरू होते. सप्टेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कची एक मोठी गुंतवणूक बँक बुडाली, तेव्हा तिथल्या गृहकर्ज रोख्यांत भारतीय बँकांचे फारसे काही अडकलेले नव्हते. तरीही ऑक्टोबरात मुंबईच्या कॉल मनी बाजारात रातोरातच्या उसनवारीचा दर २० टक्क्यांच्या आसपास गेला. परदेशी कर्ज बंद झाल्याने कंपन्यांनी लिक्विड फंडांतले (अगदी अल्पमुदतीच्या म्युच्युअल फंडांतले) पैसे काढले. परकीय गुंतवणूकदार शेअर विकून डॉलर नेऊ लागले. रुपया सावरायला मध्यवर्ती बँकेने डॉलर विकले, आणि प्रत्येक विक्रीबरोबर तेवढेच रुपये बाजारातून शोषले गेले. ही चणचण भरून काढायला जानेवारी २००९ पर्यंत रोख राखीव प्रमाण (ठेवींचा जो हिस्सा बँकांना मध्यवर्ती बँकेकडे ठेवावा लागतो तो) ९ टक्क्यांवरून ५ वर आणावे लागले. १९९१ शी याची तुलना होते, पण १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळीच आटली होती.

पुढच्या चार वर्षांत अमेरिकेचा स्वस्त पैसा आपली तूट झाकत राहिला. २०१२-१३ मध्ये चालू खात्यातील तूट (परदेशी व्यवहारांत येणाऱ्यापेक्षा जास्त जाणारा पैसा) जीडीपीच्या ४.८ टक्के झाली. २२ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेकडून रोखेखरेदी (हाच तो स्वस्त पैशाचा स्रोत) आवरती घेण्याचे नुसते सूतोवाच झाले आणि ऑगस्टअखेर डॉलरने ६८ रुपये ओलांडले.

सप्टेंबरात स्वॅप खिडकी उघडली, तिच्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. बँकेने अनिवासींकडून किमान तीन वर्षांची एफसीएनआर-बी ठेव (अनिवासी भारतीयांची परकीय चलनातली ठेव) घ्यायची, डॉलर मध्यवर्ती बँकेला देऊन रुपये घ्यायचे, आणि मुदतीअंती वार्षिक साडेतीन टक्के जादा मोजून डॉलर परत घ्यायचे. रुपया घसरण्यापासूनचे हेच संरक्षण बाजारात बरेच महाग होते. फरक म्हणजे उघड सवलत. बँकांच्या परदेशी कर्जांसाठीची दुसरी खिडकी धरून नोव्हेंबरअखेर सुमारे ३४ अब्ज डॉलर आले.

याला ‘अनिवासींची बचत’ म्हणणे मात्र दिशाभूल आहे. अनेक ठेवीदारांनी स्वतःचा थोडा पैसा घालून बाकी रक्कम परदेशी बँकांकडून उसनी आणली, कारण ठेवीचे व्याज कर्जाच्या व्याजाहून जास्त होते. आले ते तीन वर्षांचे कर्जच, फक्त ठेवीच्या नावाने. पण त्या सप्टेंबरात दुसरा मार्ग इतक्या लवकर डॉलर आणू शकला असता का, याचे उत्तर टीकाकारही टाळतात.

२०१६ च्या सप्टेंबर-नोव्हेंबरात परतफेड आली. मध्यवर्ती बँकेने डॉलरचे वायदे (ठरल्या दिवशी डॉलर मिळण्याचे करार) आधीच घेऊन ठेवले होते, त्यामुळे बाजार हलला नाही.